पाण्यात कान ठेवणारी सलाफाई

"व्हय म्हणू नगंस. म्या अजून काय इचारलंच न्हाई."

"व्हय."

"परत म्हणलीस."

"व्हय, आत्ती."

सलाफाईनं मासिनाच्या पोटाखालचा हात काढला नाही. दुसऱ्या हातानं तिच्या कपाळावरचे ओले केस मागं सारले. "तुझ्या आईनं तुला दुसरा शबूद शिकवलाच न्हाई जणू. आता गप. तोंड पाण्यात घाल आन् गुणगुण. रविवारी देवळात पोरांत उभी ऱ्हाऊन म्हणतीस ना, तेच. बोल नगंत, नुसता सूर काढ."

मासिनानं तोंड पाण्यात घातलं. सलाफाईनं मान कलती केली, डावा कान पाण्याखाली नेला आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशी धुणं दुपारपर्यंत लांबलेलं, काठावरच्या दगडांवर कपडे चोळणाऱ्या बायकांत खसखस पिकली.

"लागली बघा समाधी," फिलोमेना म्हणाली. "चिखलात डुकरीण कान घालून पडती, तशी."

"डुकरिणीला तुझ्यापरीस जास्ती ऐकू येतं, फिलो," सलाफाई डोळे न उघडता म्हणाली. "काल तुझा नवरा तीनदा हाका मारत हुता भाकरतुकड्यासाठी. डुकरीण असती तर गेली असती."

बायका मोकळ्या हसल्या. सलाफाईनं पोर वर उचललं.

सामोआत आमच्या सालेपुना गावाला समुद्राच्या कडेलाच गोड्या पाण्याचा झरा आहे. काळ्या खडकाखालून पाणी येतं, दगडी बांध घालून ते अडवलंय. सकाळी बायकांचं, संध्याकाळी बाप्यांचं. मधल्या उन्हाच्या वेळेला तिथं कुणी नसायचं, म्हणून ती वेळ सलाफाईनं धरलेली. सोळा वर्षं ती त्या झऱ्यात गावची पोरं पोहायला शिकवत होती. त्याबद्दल कुणी अळकुड्यांचं टोपलं आणून टाकी, कुणी दोन मासे, कुणी काहीच नाही. आणि तिच्या हाताखालून गेलेलं एकही पोर त्या सोळा वर्षांत बुडालं नव्हतं.

शिकवणं म्हणजे काय, तर ऐकणं. पोराला ती पहिले पंधरा दिवस हातपाय मारायला सांगतच नसे. नुसतं गुणगुणायला लावी. पाण्यात तोंड घालून गुणगुणायचं, दम संपला की वर यायचं, परत घालायचं. गुणगुणलं की दम आपोआप बाहेर पडतो, नाकात पाणी शिरत नाही, हे झालं पोराच्या कामाचं. सलाफाईचं काम निराळं. पाण्याखाली कान घातला की त्या पोराचा सूर तिला भांड्यात बोलल्यासारखा ऐकू येई. सूर जाड आणि लांब असला की पोर बरं आहे. बारीक झाला, वर चढला, की भीती गळ्यापर्यंत आलीय. मधेच तुटला की क्षणभर थांबायचं नाही, उचलायचं.

"तोंडाला काय इचारायचं?" ती म्हणायची. "आपल्या पोरांच्या तोंडात जन्मल्यापासनं एकच शबूद घातलाय आपण. मोठ्या माणसानं इचारलं की व्हय. जेवलास का, व्हय. मारू का, व्हय. पाण्याखाली तेवढं खोटं बोलाय येत न्हाई."

यात खोटं काही नाही. आमच्याकडं मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणणं हे थोबाडीत मारल्यासारखंच. खाली बघायचं आणि व्हय म्हणायचं. पोटात काय असेल ते असेल.

सलाफाईला ही अक्कल फुकट आलेली नव्हती. तिला एकच पोरगा होता, सेफो. सात वर्षांचा असताना बाप त्याला घेऊन खडकाच्या पाळीकडं गेला, जिथं पाळ फुटून समुद्राला वाट झालीय तिथं. बापानं विचारलं, "येतोस का पोहत?" पोरगा म्हणाला, व्हय. बाप जाळं सोडवत पुढं गेला. सलाफाई साठ पावलांवर कमरेइतक्या पाण्यात शिंपल्या वेचत होती. कान तिचे उघडेच होते. पोराला काही झालं तर ते ओरडेल, एवढं धरून ती शिंपल्या वेचत राहिली. टोपली भरली तेव्हा तिनं वर बघितलं. बुडणारं पोर ओरडत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. आयुष्यभर ती हाकेची वाट बघत राहिली असती, तरी हाक आली नसती.

नवऱ्यानं पुढं दारू धरली आणि चार वर्षांत तोही गेला. सलाफाई रडली किती ते कुणी मोजलं नाही. वर्षभरानं ती झऱ्यात उतरली आणि भावाच्या पोरीला पोटाखाली हात घालून म्हणाली, गुणगुण.

मग फेरेती आला.

फेरेती आमच्याच गावचा, पण दोन वर्षांचा असताना आईबापांबरोबर ऑकलंडला गेलेला. सत्ताविसाव्या वर्षी परत आला तो गळ्यात शिट्टी, डोक्यावर नारिंगी टोपी आणि हातात कागद लावलेली फळी घेऊन. बाहेरदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं त्याला पाठवलं होतं. गावची तीस पोरं पोहायला शिकली, पांढऱ्या रविवाराच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर पन्नास पावलं पोहून गेली, तर गावाला पावसाच्या पाण्याची मोठी टाकी मिळणार होती. पांढरा रविवार म्हणजे पोरांचा सण. त्या दिवशी पोरं पांढऱ्या कपड्यांत देवळात पुढं बसतात आणि मोठी माणसं त्यांना वाढतात. वर्षात तेवढा एक दिवस.

पोरगा वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी तो सलाफाईच्या घरी मांडी घालून बसला, तिच्या हातचा कोको प्यायला आणि म्हणाला, "आजी, मुलं तुम्हीच तयार केलीत, हे मी सगळ्यांना सांगणार आहे."

"सांग की. पर इचारू नगंस त्यास्नी."

"काय विचारू नको?"

"काल बघितलं म्या. रांगेत हुबं करून इचारत हुतास, समजलं का, येतं का, तयार हाय का. तीस जणांनी तीसदा व्हय म्हणलं. तू तीस खुणा केल्यास."

"मग? मुलंच सांगतायत ना."

"आरं, तुझ्या आईनं तुला हिकडचं काय सांगितलंच न्हाई का? तू टोपी घातलेला बाप्या. तू त्यास्नी इचारलंस, तुमी मासे हाय का, तर व्हय म्हणतील."

फेरेती हसला. चांगल्या मनानंच हसला. "मग मी कशावरून ठरवू?"

"दमावरनं."

त्यानं फळीवरचा कागद तिच्यापुढं धरला. "बघा, आजी. नाव, वय, तरंगणं, पाय मारणं, मुलाची स्वतःची तयारी. पाच रकाने आहेत. दमाला रकाना नाही."

सलाफाईनं कागद बघितला, वाचला आणि परत दिला. तिला वाचता चांगलं येई. "मंग एक न्हाई म्हणून लिव," ती म्हणाली. "मासिना. तिला अजून म्हैनाभर लागंल."

मासिना नऊ वर्षांची. आमच्या गावचा मोठा मातई तुइसाला, त्याच्या लेकीची लेक. मातई म्हणजे घराण्याचा कर्ता. त्यांतही तुइसालाचा शब्द शेवटचा. मासिना झऱ्यात छान पोहायची. पायाखाली तळ आहे हे तिला ठाऊक असायचं. पण सलाफाईनं तिला दोनदा समुद्रात नेलं होतं, पाळीच्या आत, जिथं वाळू संपून एकदम खोल हिरवा खड्डा लागतो तिथं. तळ सुटला की पोरीचा सूर बारीक व्हायचा आणि दोनदाही तुटला. वर आल्यावर सलाफाईनं विचारलं होतं, बरी हायस न्हवं? मासिना म्हणाली, व्हय, आत्ती. ओठ निळे पडले होते.

फेरेतीनं नाव लिहिलं नाही. तिसावं पोर मासिनाच होती. तिला वगळली तर आकडा एकोणतीस, आणि एकोणतीसला टाकी नव्हती.

सोमवारी मातईंची बैठक भरली. राजधानीहून संस्थेचा एक साहेब आला होता. खांबाखांबाला टेकून मातई बसले, आणि बायकांच्या मंडळातर्फे सलाफाईला बोलावलं. ती मागच्या चटईवर मांडी घालून खाली बघत बसली. मला तेव्हा पद नव्हतं. आम्ही बिनपदाची पोरं कावा, म्हणजे बैठकीत प्यायचं मुळ्यांचं पेय, वाट्यांतून फिरवायला आणि जेवण वाढायला. त्यामुळं मी तिच्यापासून हातभरावर, नारळाची वाटी घेऊन उभा होतो.

सकाळी येताना तिनं मला वाटेत सांगितलं होतं, आज ती काय बोलणार ते. एकोणतीस तयार हायत, एक न्हाई. म्हैनाभर थांबा. इतकंच बोलायचं होतं. चालताना ती ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणाली.

तुइसालानं घसा खाकरला. भाषण झालं, साहेबाचे आभार झाले, पूर्वजांची नावं झाली. टाकीसाठी माळरानावर जागा सपाट केलीय हेही झालं. मग तो सलाफाईकडं न बघता म्हणाला, "सलाफाई, आपली पोरं तयार हायत न्हवं."

साहेबानं पेन उघडलं. बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. सलाफाईच्या गळ्याची शीर मला दिसत होती, ती वर आली आणि तशीच राहिली. किती वेळ ते सांगता येत नाही. फार नसेल. दुसऱ्या कुणाचं लक्षही गेलं नसेल.

"व्हय जी," सलाफाई म्हणाली.

मी वाटी पुढच्या माणसाला दिली. मलाही ठाऊक होतं. मीही काही बोललो नाही.

शनिवारी अख्खा गाव किनाऱ्यावर. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, बायकांच्या गटानं गाणी धरली, पोरं तेलाचे डबे बडवत होती. पाळीच्या आत एक तराफा बांधला होता, तिथून पन्नास पावलांवर एक लाल पिंप तरंगत ठेवलेलं. पाच-पाच पोरांनी तराफ्यावरून उतरायचं आणि पिंपापर्यंत जायचं. मधे तो हिरवा खड्डा. फेरेती इंजिनाच्या होडीत, शेजारी साहेब फोटो काढायला.

सलाफाईनं सकाळी फेरेतीला गाठलं. "मासिनाच्या शेजारनं म्या पवते."

"आजी, कुणी हात लावला तर धरत नाहीत. नियम आहे. आणि मी आहे ना होडीत."

ती त्याच्याशी वाद घालत बसली नाही. लुंगी खोचून गळ्याइतक्या पाण्यात गेली, खड्ड्याच्या कडेला, आणि उभी राहिली. पहिली पाच गेली, दुसरी पाच गेली. पंचवीस पोरं पिंपाला हात लावून आली. माणसं नाचत होती.

शेवटच्या पाचांत मासिना. उतरायच्या आधी फेरेतीनं होडीतून अंगठा वर करून विचारलं, तयार? पाची पोरांनी माना डोलावल्या. शिट्टी झाली. सलाफाईनं मान कलती करून कान पाण्याखाली घातला.

इंजिन. पाण्याखाली दुसरं काही नव्हतं. बाहेर ते इंजिन आपलं घुरघुरत होतं, कुणाला त्याचा त्रास नव्हता, पण पाण्याच्या आत ते सगळीकडं भरून राहिलं होतं. सकाळपासून फेरेतीनं ते दर खेपेला बंद ठेवलं होतं. शेवटच्या खेपेला साहेबाला जवळून फोटो हवे होते. सलाफाईनं डोकं वर काढलं आणि दोन्ही हात हलवले. बंद कर म्हणून. फेरेतीनं तिच्याकडं बघितलं, हसून हात हलवला. किनाऱ्यावरच्या बायकांनीही हलवले.

मग तिनं कान सोडला आणि डोळे लावले. चार डोकी पिंपाजवळ. पाचवं मागं. मासिनाचं तोंड आभाळाकडं, उघडं, आणि हात दोन्ही बाजूंनी पाणी खाली दाबत होते, शिडी चढल्यासारखे. आवाज नाही. सलाफाई निघाली. ती पोचेपर्यंत तिथं पाणीच होतं.

होडीच्या इंजिनाच्या पंख्यानं वाळू ढवळून निघाली होती, आत हात दिसत नव्हता. पहिल्या बुडीत तिला काही सापडलं नाही. दुसऱ्या बुडीत केस लागले.

मासिना वाचली. तिला दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात, दीड महिना. परत आली तेव्हा चालत आली, पण उजवा पाय ओढत. बोलायला लागली की शब्द शोधायला वेळ लागतो, आणि सापडला नाही की तोंडातून लाळ येते. देवळात पोरं गातात तेव्हा ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपते.

बैठक परत भरली. त्या वेळी साहेब नव्हता. तुइसालाचे डोळे सुजलेले. सलाफाई त्याच चटईवर.

"पोरगी तयार न्हवती, हे तुला म्हाईत हुतं?" त्यानं विचारलं.

सगळ्यांना उत्तर पाठ होतं. न्हाई जी, देवाची इच्छा जी, माफी असावी जी. एवढं म्हणून डोकं खाली घातलं असतं तर एक डुक्कर, शंभर अळकुड्या, आणि विषय संपला असता. बायकांनी तिला आदल्या दिवशी तेच शिकवून ठेवलं होतं.

"म्हाईत हुतं," सलाफाई म्हणाली.



"मंग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलंत तसं कुणी इचारल्यावर ह्या घरात आजपतूर कुणी न्हाई म्हणलंय का? एक माणूस दावा. म्या त्याच्या पाया पडते."

तिचा आवाज चढला नव्हता. भाव विचारावा तसं ती बोलली. एक म्हातारा मातई पुटपुटला की बाई बैठकीत कशी बोलते बघा. त्यानंतर मासिनाची गोष्ट मागं पडली आणि सलाफाईच्या तोंडाची गोष्ट पुढं आली. ती दुपारपर्यंत चालली. शेवटी ठरलं: पाच मोठी डुकरं, आणि पाण्यात तिनं गावच्या पोराला पुन्हा हात लावायचा नाही. झऱ्याला पाणी भरायला, धुवायला येईल, तेवढंच. तिच्याकडं दोन डुकरं होती. तीन भावानं दिली आणि वर्षभर तिच्याशी बोलला नाही.

फेरेती जाण्याआधी तिच्या घरी आला. कोको त्यानं घेतला नाही.

"आजी, तिनं मला हो म्हटलं होतं."

"मलाबी तेच म्हणती की. समद्यास्नी म्हणती."

"तुम्हीही बैठकीत हो म्हणालात."

"व्हय. म्हणाले."

 ती चटईसाठी केवड्याची पानं सोलत राहिली. जाताना त्यानं शिट्टी तिच्या चटईवर ठेवली, का ते त्यालाच ठाऊक. तिनं ती शेजारच्या पोराला देऊन टाकली. दोन दिवस त्यानं गावाचं डोकं उठवलं, मग ती हरवली.

टाकी आली. कागदावर आकडा आधीच तीस गेला होता, तो कुणी खोडला नाही. माळरानावर ती उभी आहे, हिरवी, देवळाएवढी उंच. पाणी गोड आहे. आम्ही सगळे पितो.

दुसऱ्या वर्षी पाळीच्या वाटेत वरच्या आळीचा एक सहा वर्षांचा पोरगा बुडून गेला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचा बाप सांगत होता, मी विचारलं होतं त्याला, येतं का तुला. सलाफाई प्रेताला आली, मागं बसली, जेवण न घेता गेली. त्या घरच्या बायकांनी तिच्याकडं बघितलं ते तिचाच दोष असल्यासारखं, आणि कदाचित त्यांचं दुसरं काही म्हणणं असेल, पण कुणी बोललं नाही.

त्यानंतर महिन्याभरानं, भर दुपारी, मासिनाची आई, लागी, बायकांच्या चटया विणायच्या घरात आली. तिथं सलाफाई एकटीच होती. लागीच्या कडेवर तिचा धाकटा, याकोपो, पाच वर्षांचा.

"आत्ती, ह्याला शिकव."

सलाफाईनं मान वर केली नाही. "बैठकीनं काय सांगितलंय, ठावं हाय तुला. तुझ्याच बानं सांगितलंय."

"बा दुपारचा झोपतो. झऱ्यावर कुणी नसतं. कुणाला कळायचं न्हाई."

"आन् कळलं तर?"

"तर म्या म्हणीन, म्या आणलं."

"तू म्हणशील?" सलाफाईनं आता तिच्याकडं बघितलं. "बाच्या म्होरं हुबं ऱ्हाऊन?"

लागीनं पोराला कडेवर वर सरकवलं. पोरगा तिच्या खांद्यावर नाक घासत होता.

"आत्ती, तुझ्यावर राग न्हाई माझा. तू तिला वर काढलीस."

"राग धर. धराय पायजे तू. म्या तिचा सूर ऐकला हुता, दोनदा. आन् तुझ्या बानं इचारल्यावर माझ्या तोंडातनं काय आलं, ते तुला ठावं हाय."

"पर नंतर तू खरं बोललीस."

"नंतर. बुडाल्यावर." तिनं पान ताणलं, नखानं मधली शीर काढली. "कान माझा हाय तसाच हाय, लागी. ह्या पोराला आज पाण्यात घेतलं तर तासाभरात तुला सांगीन त्यो कसाय. पर उद्या तुझ्या बानं हाक मारून इचारलं, तर म्या काय म्हणीन ते मला ठावं न्हाई. एकदा वाटलं हुतं ठावं हाय. न्हाई घेत म्या."

लागीनं झऱ्याकडं बघितलं. खाली उन्हात झऱ्याचं पाणी चमकत होतं, दगडांवर कुणी नव्हतं. मग तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माळरानाच्या वाटेनं घरी गेली.

सलाफाईनं सोललेल्या शिरांचा ढीग पायानं बाजूला सारला. गठ्ठ्यातलं पुढचं पान ओढलं, मांडीवर पसरलं, आणि शिंपल्याच्या धारेनं ते खरवडायला लागली. पावसाआधी चटई पुरी व्हायची होती.